ठेवू की काढू?

आमच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकासाठी लिहा, असा निरोप आला तेव्हा मी आधी नाही म्हटलं. नोकरीला सहाच वर्षं झालीत. शिवाय शेअर बाजारात काम करणाऱ्या माणसाने लिहायचं म्हटलं की वाचणाऱ्याला कोणता शेअर घ्यावा हे हवं असतं, आणि ते मला अजूनही सांगता येत नाही. मला सांगता येईल ती एका यादीची गोष्ट. ती यादी मी कशी लहान केली आणि ती करताना काय करून बसले, एवढंच.

आमचं ऑफिस चिखलीत, एका कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर आहे. खालून खताचा आणि औषधांचा वास जिन्याने वर येतो. नव्या माणसाला तो डोक्यात जातो, मला आता रविवारी चुकल्यासारखा वाटतो. एका मोठ्या ब्रोकरची ही शाखा प्रकाशभाऊ चालवतात. ते खूश असले की मला बेटा म्हणतात, रागावले की मॅडम. माझं काम डीलरचं. शब्द भारी आहे, काम साधं. ज्यांना मोबाइलवरून शेअर घेता-विकता येत नाहीत किंवा तसं करायची भीती वाटते, ते फोन करतात. मी त्यांचं ऐकते आणि कॉम्प्युटरवर त्यांच्या नावाने ऑर्डर टाकते. प्रत्येक कॉल रेकॉर्ड होतो. ऑर्डर टाकण्याआधी शेअरचं नाव, किती आणि कोणत्या भावाने, हे ग्राहकाला परत म्हणून दाखवायचं असतं. डीलरच्या परीक्षेत या नियमावर प्रश्न होता आणि मी तो बरोबर सोडवला होता.

बाजार सव्वानऊला उघडतो. नऊपासून माझे तळहात ओले असतात. पहिल्या वर्षी वाटायचं, सवयीने जाईल. गेलं नाही. टेबलावर एक रुमाल फक्त त्यासाठी ठेवलेला असतो.

भीतीचं एक कारण बाजार आहे, दुसरं मराठी आकडे. मी इंग्रजी शाळेत शिकले. तिथे मराठी बोललं की वहीत नाव लिहून घ्यायचे, त्यामुळे मी दोन्ही भाषांत कमी बोलायला शिकले. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी हे तिघे माझ्या डोक्यात अजून एकमेकांच्या जागेवर जाऊन बसतात. सुरुवातीला मी प्रत्येक वेळी विचारायचे, "एकोणसत्तर म्हणजे सिक्स्टी नाइन ना?" फोनवरचा माणूस हसायचा. ऑफिसात बसलेले चार लोक हसायचे. एक जण तर रोज मुद्दाम एकोणवाल्या आकड्यांतच भाव सांगायचा. मग मी कीबोर्डखाली एक कागद चिकटवला, दोन्ही भाषांतले आकडे समोरासमोर लिहून. त्यावर नजर टाकायची आणि पुढे जायचं. परत विचारणं मी सोडून दिलं. सगळे म्हणाले, पोरगी आता तयार झाली.

आता यादीबद्दल. बाजारात हजारो कंपन्या आहेत. सगळ्या एकदम पाहता येत नाहीत, म्हणून ज्यांवर नजर ठेवायची त्यांची एक वॉचलिस्ट करतात. आमच्याकडे ती माझ्या कॉम्प्युटरवर असते आणि भिंतीवरच्या टीव्हीवरही दिसते. गिऱ्हाइकं तिला 'हजेरी' म्हणतात. "माझी सिमेंटवाली हजेरीत घ्या," असा फोन आला की मी ती ओळ वाढवायची. नाही म्हणणं मला जमत नाही. असं करत हजेरी सहा पानांची झाली.

यातली निम्मी नावं तायडेकाकांची होती. तायडेकाका एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. सकाळी नऊला येऊन टीव्हीसमोरच्या पहिल्या खुर्चीत बसतात आणि बाजार बंद झाला की उठतात. त्यांच्याकडे शेअर तीस कंपन्यांचे, प्रत्येकाचा एकेक. ते विकत काहीच नाहीत.

"काका, एकेक शेअर घेऊन काय होतं?" मी एकदा विचारलं.

"मले गाडी भरलेली दिसली पाहिजे," ते म्हणाले. "फायदा डेपोचा."

सहा पानांच्या यादीचा परिणाम व्हायचा तोच झाला. एका शिक्षकांनी सांगून ठेवलं होतं की अमुक शेअर अमुक भावाला आला की कळवा. तो आला तेव्हा मी दुसऱ्या पानावर होते आणि तो पाचव्या. पाचव्यावर पोचेपर्यंत भाव परत गेला होता. ते फक्त "राहू द्या" म्हणाले. दुसऱ्या दिवशी प्रकाशभाऊंनी बोलावलं.

"मॅडम, तुमचे डोळे किती?"

"दोन."

"मग दोन डोळ्यांपुरती हजेरी करा. वीस-पंचवीस नावं, बस. बाकी काढा."

मी कामाला लागले, आणि खरं सांगायचं तर हे काम मला आवडलं. कुणाशी बोलायचं नव्हतं, नुसतं निवडायचं होतं. आधी असे शेअर बाजूला केले ज्यांत दिवसभरात जेमतेम व्यवहार होतात. असा शेअर घेता येतो, पण विकायच्या दिवशी घेणारा सापडत नाही. उठत चाललेल्या बाजारात मेथीच्या जुड्या घेऊन बसावं तसं होतं. मग एकाच धंद्यातल्या पाच कंपन्यांमधून एक-दोन ठेवल्या, कारण सिमेंट पडलं की पाचही बहुतेक सोबत पडतात. उरलेल्यांना रंग दिले. आजच पाहायचं ते लाल, या आठवड्यात पाहायचं ते पिवळं, बाकी पांढरं. लाल रंगात सहापेक्षा जास्त नावं घ्यायची नाहीत असं ठरवलं. लाल रंग मी दिला तो सगळ्यात तेजीत असलेल्यांना, ज्यांच्याबद्दल दिवसभर फोन येतील त्यांना. कुणाकडे कोणता शेअर आधीच आहे, ते पाहण्याचं माझ्या मनातही आलं नाही. मला वाटलं, आहे तो आहे, नवीन काय ते पाहावं. चूक तिथे सुरू झाली, पण तेव्हा ती मला शिस्त वाटत होती.

नावं काढताना ज्याने ती घालायला सांगितली त्याला विचारायचं, असं प्रकाशभाऊंनी बजावलं होतं, नाहीतर गिऱ्हाईक दुखावतं. म्हणून एका मंगळवारी मी फोन करायला घेतले. पहिल्या दोघा-तिघांना नीट विचारलं, "टीव्हीवरची यादी आम्ही लहान करतोय, तुमचं अमुक नाव यादीत ठेवू की काढू?" दहाव्या फोनपर्यंत वाक्य झिजलं. विसाव्या फोनला माझ्या तोंडात तीनच शब्द उरले होते. ठेवू की काढू?

तायडेकाका समोर बसून ऐकत होते. त्यांची नावं जाऊ लागली तसे म्हणाले, "तिकीट काढलेल्या पॅसिंजरले रस्त्यात उतरवून राह्यली काय वं पोरी?" सगळे हसले. मीही हसले, आणि त्याच हसण्यात विमलताईंना फोन लावला.

विमलताई उंद्रीच्या. पन्नाशीच्या. त्यांच्या शेतात शेडनेट आहे, म्हणजे बारीक जाळीचा मोठा मांडव. त्यात त्या एका कंपनीसाठी मिरचीचं बियाणं तयार करतात. बियाण्याचे पैसे आले की थोडे शेअरमध्ये टाकायच्या. कागदपत्रांवर सह्या करायला पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी मला विचारलं होतं, "ठिबकचे पाईप बनवते ते कंपनी कोणती? माझ्या वावरात तिचे पाईप हायेत, चांगले हायेत. तिचेच दे." त्या एका कंपनीशिवाय त्यांनी दुसरं काही घेतलं नाही. आम्ही तिला पाईपवाली म्हणायचो. पाईपवाली तेव्हा शांत होती, दिवसभर जागची हलायची नाही. माझ्या नव्या नियमांत ती बसत नव्हती.

"ताई, मी चिखलीहून, शेअरच्या ऑफिसातून. तुमची पाईपवाली... ठेवू की काढू?"

मागे वारा होता, आवाज तुटत होता. "बरं झालं वं माय तूच फोन केला. मी करणारच होती. काढून टाक. आजच काढ. सगळे काढ."

"बरं ताई," मी म्हटलं आणि फोन ठेवला. मग पाईपवालीच्या ओळीवर माउस नेऊन ती यादीतून पुसली.

इथे थांबून एक गोष्ट लिहायला हवी. 'सगळे' हा शब्द मी ऐकला होता. यादीत पाईपवालीची ओळ एकच होती. एका ओळीला सगळे कोण म्हणेल? हे मला तेव्हाच खटकलं. 'बरं ताई' म्हणण्याआधी मी क्षणभर गप्प होते. पण परत विचारलं असतं तर समोरचे पुन्हा हसले असते, आणि अजून अकरा फोन राहिले होते.

आमच्याकडे माल काढला म्हणजे विकला. तूर काढून टाकली, सोयाबीन काढून टाकली, असं घरोघरी म्हणतात. आणि ठेवला म्हणजे विकला नाही, भाव यायची वाट पाहिली. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी इथलीच आहे. शाळेत वेगळी भाषा शिकले म्हणून कान बंद झाले नव्हते.

बुधवारी पाईपवाल्या कंपनीचा तिमाही निकाल आला. तो बाजाराला आवडला नाही. शेअर पडला, गुरुवारी आणखी पडला. मला ते कळलंच नाही, कारण ती ओळ आता हजेरीत नव्हती. माझी सहा लाल नावं मी डोळ्यांत तेल घालून पाहत होते आणि संध्याकाळी प्रकाशभाऊंना म्हणाले होते, "आता एकही नजरेतून सुटत नाही."

शुक्रवारी अकराच्या सुमारास विमलताई जिना चढून आल्या. हातात पासबुक.

"काय वं माय, पैसे कधी येतात? काल बँकेत गेली, आज पुन्हा गेली. तो जाळीवाला पैशाबिगर गठ्ठा देत नाई."

"कोणते पैसे ताई?" मी विचारलं, आणि विचारतानाच मला उत्तर समजलं.

वावटळीने त्यांच्या शेडनेटची एक बाजू फाटली होती. बियाण्याच्या मिरचीला बाहेरचा पराग चालत नाही. फाटक्या जाळीतून मधमाश्या आत शिरल्या की आतली सगळी मेहनत वाया जाते. नवी जाळी लगेच हवी होती. त्यासाठीच त्यांना शेअर विकायचे होते, आणि त्या मला फोन करणार तेवढ्यात माझाच फोन गेला होता.

मी स्क्रीनवर त्यांचं खातं उघडलं. शेअर होते तिथेच होते. शेजारचा भाव लाल, म्हणजे पडलेला.

प्रकाशभाऊंनी आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावलं आणि रेकॉर्डिंग लावलं. माझा आवाज मला ओळखू येईना, इतका तो घाईत होता. ठेवू की काढू. मग वारा. मग विमलताई. मग मी गप्प. मग बरं ताई.

प्रकाशभाऊंनी दोनदा ऐकलं. ते वाईट माणूस नाहीत, पण धंदा त्यांचा आहे. ते अगदी हळू म्हणाले, "ताई, पाहा. यादीतून नाव काढायचे फोन चालू होते त्या दिवशी, सगळ्यांनाच केले. तुमच्या तोंडी 'विक' असा शब्द याच्यात कुठंच नाही."

विमलताईंनी स्पीकरकडे बोट दाखवलं.

"नाई म्हटला काय मी?"

"नाही ना ताई."

"काढून टाक तर म्हटलं."

"यादीतून काढ, असं समजलं मॅडमना."

त्यांनी पासबुक पिशवीत ठेवलं. "मंग माझंच चुकलं असन," त्या म्हणाल्या. "तुमच्यातली बोली मले काय समजते."

तुमच्यातली बोली! बोली त्यांचीच होती. त्यांनी ती बरोबर वापरली होती. त्या उठायला लागल्या. मला माहीत होतं की त्या जिना उतरून गेल्या की हे प्रकरण संपेल, माझी नोकरी राहील, आणि रेकॉर्डिंग कायम आमच्या बाजूने बोलत राहील. माझे हात ओले होते आणि रुमाल बाहेर टेबलावर होता.

"त्यांचं चुकलं नाही," मी म्हटलं. आवाज इतका लहान निघाला की प्रकाशभाऊंनी "काय?" विचारलं. मी परत म्हटलं. "त्या 'सगळे काढ' म्हणाल्या. सगळे शेअर. मी ते ऐकलं होतं. मला शंका आली होती. मी विचारलं नाही."

प्रकाशभाऊंनी रेकॉर्डिंग बंद केलं. मग विमलताईंना म्हणाले, "ताई, तुम्ही बाहेर पंख्याखाली बसा. चहा सांगतो."

दार लागल्यावर ते म्हणाले, "मॅडम, रेकॉर्डिंग आपल्या बाजूनं होतं."

"हो."

"मग?"

"त्यात मी गप्प झालेली ऐकू येते, सर. तुम्हीही दोनदा ऐकलंत."

त्यांनी दार उघडून विमलताईंना परत आत बोलावलं. शेअर त्याच तासात विकले. मंगळवारचा भाव आणि आताचा भाव यातला फरक शाखेने भरला. माझ्या पगारातून थोडा कापा, असं मी सांगितलं, तेव्हा "ते मी पाहतो" म्हणाले, आणि पुढचे दोन महिने मी त्यांच्यासाठी मॅडमच राहिले. जाळीवाल्याला फोनही त्यांनीच केला. खालच्या कृषी केंद्राच्या ओळखीने गठ्ठा त्याच दिवशी उंद्रीला गेला. पण मंगळवार ते शुक्रवार हे दिवस कुणालाच भरून देता आले नाहीत.

पुढच्या आठवड्यात मी उंद्रीला जायचं ठरवलं. कुणाला न सांगता जायचं होतं, पण बसचं वेळापत्रक तायडेकाकांनाच विचारावं लागलं. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. "सकाळची खामगाव गाडी धर. पुढं बसजो, मांगं हादरे लागतात," एवढंच म्हणाले. केबिनमधलं सगळं त्यांनी बाहेरून ऐकलं असणार.

विमलताईंनी मला शेडनेटमध्ये नेलं. आत चार बायका वाकून काम करत होत्या. फूल उमलायच्या आधी कळीतले पुंकेसर चिमट्याने काढायचे, मग दुसऱ्या जातीच्या झाडाचा पराग तिथे लावायचा, आणि ज्या फुलाला लावला त्याच्या देठाला लोकरीचा लाल दोरा बांधायचा. पुढे ज्या मिरचीला दोरा आहे तेवढीच बियाण्याची. बिनदोऱ्याची दिसली की तोडायची.

"लाल दोरा म्हणजे हे आपलं," विमलताई म्हणाल्या. "ज्याच्यावर हात लागला, मेहनत झाली, ते आधी पाहा लागते. बाकीचं हिरवंगार दिसलं तरी त्याच्यावर डोळे ठेवून काय करता?"

त्या मिरचीबद्दल बोलत होत्या, हे मला माहीत आहे.

नव्या जाळीच्या बाजूला जमीन मोकळी होती. मी विचारायला नको होतं, पण त्या दिवसापासून मी विचारते.

"इथे काय होतं ताई?"

"चार ओळी होत्या. कंपनीचा साहेब येऊन पाहून गेला. फाटक्या जागी माशा शिरल्या म्हणे, ह्याचं बी घेता येत नाई." त्यांनी पायाने एक ढेकूळ फोडलं. "काढून टाकल्या."

त्या एवढंच म्हणाल्या. टोमणा असता तर बरं झालं असतं. दोऱ्यांचे लाल तुकडे मातीत अजून दिसत होते. मी माफी मागितली. ती मी बसमध्ये पाठ केली होती, पण तोंडातून अर्धी इंग्रजीत निघाली. विमलताईंनी ती ऐकून घेतली आणि निघताना पिशवीत वांगी घातली. शेअर बाजाराबद्दल त्या चकार शब्द बोलल्या नाहीत, आणि मला वाटलं की हे गिऱ्हाईक गेलं.

परत आल्यावर मी हजेरी पुन्हा मांडली. आता आधी पाहते, कुणाकडे काय आहे. ज्यात लोकांचे पैसे गुंतलेत ते लाल, भाव हलो न हलो. ज्याची नुसती आशा आहे ते पिवळं. नाव काढायचं असेल तर आधी सगळी खाती तपासते आणि मगच 'पडद्यावरून पुसू का' असं विचारते. काढू हा शब्द माझ्या टेबलावर बंद आहे. ऑर्डर असेल तर घेऊ की विकू हे ग्राहकाच्या तोंडून वदवून घेते, आणि आकडा दोन्ही भाषांत परत म्हणते. लोक हसतात. एकोणवाला अजून हसतो. त्याला मी हल्ली दोनदा विचारते. तायडेकाकांचे तीस पॅसेंजर एका वेगळ्या पानावर बसवलेत, ते पान जेवणाच्या सुट्टीत टीव्हीवर लावते. एवढं सगळं करून तळहात कोरडे झाले का? नाहीत. कधीकधी बाजार बंद झाल्यावर मी दिवसभरातले स्वतःचे कॉल ऐकते, फक्त मी कुठे गप्प झाले ते शोधायला.

यंदा बियाण्याचे पैसे आल्यावर विमलताईंचा फोन आला. नंबर पाहून मी रुमालाला हात पुसले आणि मग उचलला.

"ओळखलं काय वं?"

"हो ताई."

"पाईपवाली कुठं हाय आता? हजेरीत हाय का काढून टाकली?"

"आहे ताई. लाल रंगात आहे." कुणाकडे नसताना ती तिथे का आहे, हे प्रकाशभाऊंनी दोनदा विचारलं होतं, आणि मला धड सांगता आलं नव्हतं.

"मंग घे. घे म्हटलं मी, आयकून राह्यली ना? घे." त्यांनी किती ते सांगितलं, भाव सांगितला. भाव नेमका एकोणसत्तरवर संपत होता. मग म्हणाल्या, "आता तू म्हण."

मी शेअरचं नाव म्हटलं, किती ते म्हटलं, एकोणसत्तर म्हणजे सिक्स्टी नाइन म्हटलं, घ्यायचे म्हटलं. पलीकडे वारा होता. माझं म्हणून संपेपर्यंत त्या मधे एक शब्द बोलल्या नाहीत.

"हाव," त्या म्हणाल्या. "आता टाक."